तेरीज जुळत नाही तेव्हा

दशलक्षण पर्वाला चार दिवस उरले असताना नेरूळच्या एका घरातील संगणकाने आपल्या मालकाला आत घेण्याचे नाकारले. यंत्र सुरू होत होते, परवलीचा शब्द विचारत होते. तो टाकला की पडदा क्षणभर काळा होई आणि पुन्हा तोच प्रश्न समोर येई. शब्द चुकला असता तर तसा इशारा आला असता. तो येत नव्हता. तात्यांनी सात-आठ वेळा प्रयत्न केला आणि कपाळावरचा घाम पुसत ते खुर्चीत मागे टेकले.

तात्या हळदीचे व्यापारी. घराणे मूळचे सांगलीचे. वडिलांनी मशीद बंदरात पेढी घातली आणि पुढे मसाल्याचा घाऊक बाजार वाशीला हलला तेव्हा तेथे गाळा घेतला. आता गाळा मुलगा पाहतो. तेथील हिशेब वेगळ्या संगणकावर, कारकुनाच्या हाती. घरचा संगणक मात्र तात्यांचा. त्यावर पत्रव्यवहार, पाठशाळेच्या मुलांची हजेरी आणि वडिलांच्या जुन्या चोपड्यांची छायाचित्रे. टाळेबंदीच्या काळात तात्यांनी एकेक पान स्कॅन करून ती साठवली होती. मूळ चोपड्यांना अनेक पावसाळ्यांची ओल लागली होती, पाने एकमेकांना चिकटली होती. स्कॅन झाल्यावर त्यांचा निरोप घेतला गेला.

त्याच पानांत एक नोंद होती. गाळ्याचे पैसे भरताना मशीद बंदरातील एका शेजारच्या पेढीने वडिलांना पंचाहत्तर हजार रुपये हातउसने दिले होते. कागद नव्हता, व्याज नव्हते. होती ती केवळ चोपडीतली जमा. दोन हप्ते परत केल्याचे तात्यांना आठवत होते, तिसऱ्याविषयी मन निःशंक नव्हते. देणारे गेले, घेणारे गेले, कोणी विचारले नाही. क्षमावणीच्या आधी हे देणे पुरे करावे, असा तात्यांनी यंदा निश्चय केला होता. नेमकी बाकी किती, हे सांगणारे पान त्या बंद दाराच्या आत होते.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करणारा एक तरुण आला. त्याने दोनदा यंत्र चालू-बंद केले आणि निर्णय दिला, ‘‘फॉरमॅट मारावा लागेल, काका. अर्ध्या तासाचे काम आहे.’’ फॉरमॅट म्हणजे तबकडी कोरी करणे, हे तात्यांना ठाऊक होते. त्यांनी त्याला चहा देऊन परत पाठवले. मग पुण्यात नोकरी करणाऱ्या नातीला फोन लावला आणि मनातला सगळा राग तिच्यावर काढला. २०२० च्या जानेवारीत विंडोज सेव्हनला कंपनीचा आधार संपला, तेव्हा चांगले चालणारे यंत्र टाकून देण्याऐवजी त्यावर लिनक्स मिंट ही मुक्त प्रणाली तिनेच बसवून दिली होती. ‘‘फुकटच्या वस्तूचे असेच व्हायचे,’’ तात्या म्हणाले. नात क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘आजोबा, तेरीज जुळली नाही तर तुम्ही चोपडी फाडता का?’’

व्यापारी घरात वाढलेल्याला या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तेरजेत फरक आला की जुना मुनीम प्रथम फरकाची रक्कम पाहतो. ती दोनाने भागून येणारी रक्कम चोपडीत कोठे दिसते का, हे तपासतो. कारण जमेची रक्कम नावे पडली तर फरक दुप्पट येतो. नंतर फरकाला नवाने नि:शेष भाग जातो का ते पाहतो. कारण ५४० च्या जागी ४५० लिहिले गेले, म्हणजे आकड्यांची अदलाबदल झाली, तर फरक नेहमी नवाच्या पटीत येतो. तो आधी चूक कोणत्या वहीत असेल ते ठरवतो, मग कोणत्या पानात, मग कोणत्या ओळीत. संगणकाचा दोष शोधण्याची रीत हीच आहे. आधी पाहणे, मग क्षेत्र लहान करत जाणे, एका वेळी एकच गोष्ट बदलणे आणि काय बदलले ते लिहून ठेवणे. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुधारले, तरी खरे कारण कळत नाही आणि तोच दोष परत येतो.

नातीने पहिला प्रश्न विचारला, ‘‘शेवटचे नीट चालले त्यानंतर काय बदलले?’’ तात्या म्हणाले, ‘‘काही नाही.’’ बहुतेक जण हेच उत्तर देतात आणि बहुतेक वेळा ते खरे नसते. पण तिने वाद घातला नाही. दुरुस्तीआधी कागद सुरक्षित करायचे, असे तिने ठरवले. प्रणाली बसवताना वापरलेला पेन ड्राइव्ह टेबलाच्या खणात होता. यंत्र सुरू होताना ठरावीक कळ दाबून त्यावरून चालवले, तर आतल्या तबकडीला हात न लावता पूर्ण प्रणाली समोर उभी राहते. तात्यांनी फोन कानाशी धरून तसे केले. प्रथम ‘डिस्क्स’ नावाच्या साधनातून तबकडीची प्रकृती पाहिली. ती निरोगी निघाली. तबकडीच मरणपंथाला लागली असेल तर दुरुस्तीचा एकही प्रयत्न न करता आधी माहिती बाहेर काढायची असते. मग चोपड्यांचा पूर्ण संग्रह बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवला. प्रत पुरी झाली तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. तात्यांनी इतक्या वेळात पाणीही घेतले नव्हते. सूर्यास्तानंतर ते घेत नाहीत.

दोषाचे कारणही त्याच वेळी दिसले. तबकडी शंभर टक्के भरली होती. आत प्रवेश करताना प्रणालीला काही लहान नोंदी लिहाव्या लागतात. त्यांना जागा उरली नाही की ती मालकाला आत घेऊन लगेच बाहेर पाठवते. परवलीच्या शब्दाचा दोष नव्हता, फुकटपणाचाही नव्हता. जागा कोणी खाल्ली? ‘टाइमशिफ्ट’ नावाचे साधन प्रणालीची वेळोवेळी स्थिरप्रत काढून ठेवते, म्हणजे काही बिघडले तर मागच्या तारखेला परत जाता येते. जास्त प्रती म्हणजे जास्त सुरक्षितता, असे मानून तात्यांनीच दोन महिन्यांपूर्वी रोजच्या प्रतींचा आकडा वाढवून ठेवला होता. त्या सर्व त्याच तबकडीवर साठत होत्या. भरीला पुसलेली स्कॅन कचरापेटीत पडून होती. पेटी रिकामी केल्याखेरीज ती जागा सुटत नाही.

तात्या बराच वेळ बोलले नाहीत. त्यांना आणखी एक गोष्ट त्या रात्री कळली. ही स्थिरप्रत मूळ व्यवस्थेनुसार केवळ प्रणालीच्या फायली सांभाळते, घरच्या कागदपत्रांना ती हात लावत नाही. ज्या रक्षणाच्या भरवशावर ते निश्चिंत होते, ते त्यांच्या चोपड्यांना कधीच नव्हते. सकाळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ थ्री या कळा एकत्र दाबून अक्षरांचा साधा काळा पडदा उघडला, जुन्या स्थिरप्रती एकामागून एक काढल्या, कचरापेटी रिकामी केली, यंत्र पुन्हा सुरू केले. परवलीचा शब्द एकदाच टाकावा लागला.

त्यानंतरच्या महिन्यांत तात्यांनी एक वही घातली. डावीकडे लक्षण, उजवीकडे कारण. त्या वहीतील काही नोंदी अनेक घरांना उपयोगी पडतील. एकदा बँकेचे पान उघडेना, संबंध सुरक्षित नसल्याचा इशारा येई. सर्वांना फसवणुकीची शंका आली. कारण निघाले यंत्राच्या घड्याळात: तारीख अनेक वर्षे मागे गेली होती, म्हणून संकेतस्थळाची प्रमाणपत्रे त्याला अजून लागूच झाली नाहीत असे वाटत होते. आतली नाण्याएवढी बॅटरी बदलली आणि प्रश्न मिटला. ज्यांच्या यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतात, त्यांचे घड्याळ कधी नेमके साडेपाच तास चुकते. एक प्रणाली घड्याळात जागतिक वेळ मानते आणि दुसरी स्थानिक. छपाईयंत्र मुके झाले तेव्हा ते बिघडले नव्हते. कागद अडकल्यावर प्रणालीने छपाईची रांग थांबवून ठेवली होती. अडलेले काम रद्द करून रांग पुन्हा चालू करणे पुरेसे झाले. जुनी मराठी पत्रे निरर्थक रोमन अक्षरांत दिसली, कारण ती युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली होती. तो फाँट बसवताच ती वाचता आली. आषाढात यंत्र केवळ शिट्ट्या वाजवू लागले, तेव्हा खाडीकाठची दमट हवा मेमरीच्या पट्टीपर्यंत पोहोचली होती. वीज पूर्ण तोडून, पट्टी काढून, तिचे टोक पुसून पुन्हा घट्ट बसवल्यावर ते शांत झाले.

या प्रणालीचा एक गुण व्यापाऱ्याला विशेष भावेल. ती रोजकीर्द लिहिते. कोणती सेवा केव्हा सुरू झाली, कोणती का थांबली, याची क्षणाक्षणाची नोंद ती ठेवते आणि त्या नोंदवहीला नावही ‘जर्नल’ असेच आहे. तबकडीची मांडणीही त्याच धर्तीची: होणारा बदल आधी कच्च्या नोंदीत टिपला जातो, नंतर जागेवर खतावला जातो. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी प्रणाली ती नोंद पाहून अर्धवट राहिलेले पुरे करते किंवा सोडून देते. मालकाला ही रोजकीर्द वाचण्याची मुभा आहे. इंग्रजीतील इशाऱ्याची ओळ न घाबरता पूर्ण वाचली, तर अर्धे निदान तिच्यातच असते.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. टॅली लिनक्ससाठी बनलेली नाही. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन चालवण्यासाठी वेगळी जोडणी लागते. म्हणून तात्यांच्या गाळ्यावरचा संगणक होता तसाच आहे आणि तेच योग्य आहे. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज टेनचाही नियमित आधार संपला आणि घरोघरची कितीतरी धडधाकट यंत्रे नव्या आवृत्तीला अपात्र ठरली. पत्रे, हिशेबाचे तक्ते, स्वाध्यायाची पुस्तके आणि नातवंडांचा अभ्यास यांसाठी ती आणखी काही वर्षे सेवा देऊ शकतात. आकिंचन्य धर्माचा विचार करणाऱ्या समाजाने चालती वस्तू टाकण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

ही विद्या दूरचीही नाही. हेलसिंकीतील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा सर्वांसाठी खुला केला. भारतात सी-डॅक या संस्थेने त्यावर ‘बॉस’ ही भारतीय भाषांची प्रणाली २००७ मध्ये आणली. याच संस्थेचे एक केंद्र खारघरला आहे. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे पाठ मराठीतूनही विनामूल्य मिळतात. शास्त्रदानाची परंपरा सांगणाऱ्या घरांना हे परके वाटू नये.

त्या परंपरेचा एक धडा तात्यांनी नातीला फोनवर सांगितला. धवला या महान ग्रंथाच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके केवळ मूडबिद्रीत राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला करण्याचे काम सुरू झाले आणि १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाने पहिला खंड छापून आला. एकाच जागी असलेली वस्तू म्हणजे अर्धी हरवलेली वस्तू, हे पूर्वजांनी ओळखले होते. ‘‘आणि मी वडिलांची चोपडी एका तबकडीवर ठेवून बसलो,’’ तात्या म्हणाले. आता त्या संग्रहाच्या तीन प्रती आहेत: एक घरी, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर गाळ्याच्या तिजोरीत, एक पुण्यात नातीकडे. तिन्ही उघडतात की नाही, हे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाहिले जाते.

चोपडीतील ते पान सापडले. तिसरा हप्ता दिला गेला नव्हता. बावीस हजार रुपये बाकी होते. तात्या स्वतः पुण्याला त्या कुटुंबाकडे गेले. त्या घरातील मुलाला या देण्याची वार्ताही नव्हती. त्याने मुद्दल स्वीकारले, व्याजाची रक्कम पाठशाळेला द्यावी म्हणून परत केली.

परतण्यापूर्वी तात्या नातीच्या खोलीवर गेले. क्षमावणीचा दिवस होता. घरातल्या रिवाजाप्रमाणे ती वाकून नमस्कार करणार, तोच तात्यांनी हात जोडले आणि म्हणाले, ‘‘उत्तम क्षमा, बाळ. दोष माझ्या नोंदीत होता, मी तो तुझ्या नावे टाकला.’’