रोथची एकादशी



गेल्या आषाढी एकादशीला, म्हणजे ६ जुलै २०२५ ला, तुम्ही-आम्ही पंढरीत दर्शनबारीत नाही तर वाळवंटात उभे होतो. त्याच सकाळी आमच्या दिंडीतला एक माळकरी मुलगा जर्मनीतल्या एका कालव्यात पोहत होता. आमच्या विणेकऱ्यांचा हा नातू. लहानपणी आळंदीपासून टाळ घेऊन चाललेला. चौदाव्या वर्षी त्याने माळ घातली, ती माझ्या हातून. पुढे इंजिनिअर होऊन न्यूरेम्बर्गकडे नोकरीला गेला. त्याचे नाव इथे देत नाही, त्याला संकोच होईल. पण त्याने मला जे विचारले ते आपल्यापैकी कोणालाही कधी ना कधी पडणारे कोडे आहे, म्हणून त्याच्या परवानगीने लिहितो.

मे महिन्यात त्याचा फोन आला. “बुवा, आमची शर्यत नेमकी आषाढीलाच आली आहे. नोंदणी आदल्या वर्षीच करावी लागते, तेव्हा पंचांग बघितलं नव्हतं. आता खायचं काय?”

मी आधी विचारले, शर्यत कसली? त्याने सांगितले ते ऐकून मला वाटले, हा थट्टा करतो आहे. ट्रायथलॉन म्हणतात तिला. आधी ३.८ किलोमीटर पोहायचे, पाण्यातून निघाले की १८० किलोमीटर सायकल, आणि सायकल ठेवली की ४२ किलोमीटर धावायचे. तिन्ही एकाच दिवशी. मध्ये झोप नाही, मुक्काम नाही. ही मापे १९७८ साली हवाईत ठरली. तिथे पोहण्याची एक, सायकलीची एक आणि धावण्याची एक अशा तीन वेगळ्या शर्यती होत्या. खरा दमाचा कोण यावरून वाद निघाला, तेव्हा आरमारातल्या एका अधिकाऱ्याने तिन्ही एकापुढे एक जोडून टाकल्या. पहिल्या वर्षी पंधरा जण उतरले, बारा जण पोहोचले. रोथ हे जर्मनीतले लहानसे गाव. तिथे १९८४ पासून ही स्पर्धा भरते आणि आता हजारो लोक तीत उतरतात. त्यातले बहुतेक पोटापाण्याचे दुसरे काम करणारे, हौसेने येणारे. पहिले येणारे वेगळे. यंदाचा पहिला साडेसात तासांच्या आत पोहोचला. आमच्या मुलाला फक्त पोहोचायचे होते.

आता खाण्याचे. शरीरात साठवलेली साखर दोन-तीन तासांच्या जोरकस श्रमात सरते. मग दर तासाला पिष्ट-साखर पोटात घालत राहावे लागते, नाहीतर माणूस बसतो तो बसतोच. त्यासाठी तिकडे जेल नावाची पातळ चिकट पाकिटे मिळतात. या मुलाने पाकिटावरची बारीक अक्षरे वाचली आणि मग मक्यापाशी पोहोचला. ती साखर बहुतेक वेळा मक्याच्या पिठूळापासून काढतात. मका म्हणजे धान्य. एकादशीला धान्य नाही.

“निर्जला कर असं मी म्हणणार नाही,” मी त्याला सांगितले. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी फार खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला एकाच रांगेत बसवले आहे. माउलींनीही तिथे आहार मापाने घेण्याची बाजू सोडलेली नाही. फराळ तर आपण करतोच. मग फराळाचाच हिशेब मांडायचा. फोनवर आम्ही दोघे आणि मागून त्याची आजी. साबुदाण्याची खिचडी सायकलवर नेता येत नाही, हे पहिल्याच रविवारी ठरले. राजगिऱ्याची वडी उन्हात चिकटते आणि कोरड्या तोंडात फिरत राहते. शेवटी उकडलेले लहान बटाटे सैंधव लावून, आणि खजूर शिजवून, गाळून, लिंबू पिळून केलेला घट्ट रस छोट्या बाटल्यांत. आजीने सुचवलेले वरईचे तांदूळ त्याने शर्यतीआधी पहाटे खायचे ठरवले. दोन महिने दर रविवारी तो हेच खाऊन सायकल चालवत होता, पोटाला सवय लागावी म्हणून. व्रताची इतकी तयारी मी तरी कधी केलेली नाही.

आमच्या दिंडीत हे कळले तेव्हा सगळ्यांना आवडले असे नाही. एका ज्येष्ठ टाळकऱ्यांचे म्हणणे, वारी चुकवून पोरगं सायकल खेळतं आणि त्याला फराळ सांगायला बुवा! दुसऱ्या टोकाला एक तरुण म्हणाला, “ही पण वारीच की, पायांची.” मला हे दुसरे जास्त खटकले. हल्ली कशालाही वारी म्हणायची पद्धत पडली आहे. त्या शर्यतीत घोट्याला एक पट्टा बांधतात, तो प्रत्येक टप्प्याची वेळ मोजतो. आपल्या वारीत कोणाची वेळ कोणी मोजत नाही, आणि मागे पडलेल्याला बाद करत नाहीत. दोन्ही चांगल्या असतील, पण एक नव्हेत.

त्या दिवसाची हकीकत मी त्याच्याकडून तीनदा ऐकली आहे. पहाटे कालव्याच्या काठी धुके, आकाशात गरम हवेचे फुगे, आणि तोफेच्या आवाजावर एकेक तुकडी पाण्यात. माळ त्याने पोहण्याच्या कपड्याखाली गळ्याशी घट्ट बसवली होती. पोहायला तो नीरेत शिकलेला. त्याला पाण्याची भीती नव्हती, माणसांची होती. कोणाची टाच तोंडावर बसते, कोणाचा हात पाठीवर. पाण्यातून निघाला तेव्हा तिकडे नऊ वाजायला आले होते, आपल्याकडे दुपार सुरू झाली होती.

सायकलीच्या वाटेवर ग्रेडिंग नावाच्या गावापाशी एक चढ आहे, त्याचे नाव काल्वारियनबेर्ग. येशू ख्रिस्ताला जिथे क्रुसावर दिले त्या टेकडीवरून पडलेले नाव. तिथे त्याने पहिला बटाटा खाल्ला, हे तो फार आठवणीने सांगतो. पुढे हिल्पोल्टस्टाइनजवळ सोलारर बेर्ग हा दुसरा चढ, आणि तिथे माणसांची इतकी दाटी की रस्ता एका सायकलीपुरता उरतो. पुढचा माणूस दिसत नाही, नुसता गजर. सायकल जवळ आली की गर्दी फाकते आणि मागे मिटते. मी विचारले, “रिंगणात अश्व सुटतो तसं?” तो म्हणाला, “हो, पण बुवा, अश्वाच्या टापांखालची माती आपण कपाळाला लावतो. इथं मी फक्त घाबरलो होतो.”

धावायला लागला तेव्हा दुपारचे चार झाले होते. वीस किलोमीटरपर्यंत ठीक. मग पोटाने खजूर परत केला. नंतर केळे परत केले. कालव्याच्या काठचा सरळ, लांबलचक रस्ता, एका टेबलापासून दुसरे टेबल दिसेना, आणि अठ्ठावीस-एकोणतीस किलोमीटरच्या सुमारास तो गवतावर बसला. हात थरथरत होते. हरिपाठ म्हणत होता तो मध्येच कुठे सुटला ते कळले नाही, असे म्हणाला.

मागून एक साठीचा माणूस येत होता, तोही स्पर्धकच, तोही पाय ओढत. तो थांबला. कमरेच्या पट्ट्यातून पाकीट काढले, दातांनी फाडले आणि याच्या हातात दिले. एवढंच उरलंय, असे काहीतरी म्हणाला. ते जेलचे पाकीट होते. मुलाने ते घेतले. थोड्या वेळाने डोळ्यांपुढचे धुके निवळले. दोघे जोडीने चालू लागले. पुढच्या टेबलावर एका शाळकरी मुलीने तसलेच आणखी एक पाकीट पुढे केले. याने हात जोडले, ते घेतले नाही. केळ्याचा तुकडा आणि कोला घेतला, आणि या वेळी पोटात राहिला. (कोला उपासाला चालतो का, हे कृपया मला पत्राने विचारू नका.) रात्री नऊच्या सुमारास, अजून उजेड असताना, तो पोहोचला.

दुसऱ्या दिवशी आमचे पारणे झाल्यावर फोन. पोहोचल्याचा आनंद दोन वाक्यांत संपला. “बुवा, एकादशी मोडली.”

माउली, इथे सुटका करून देणारे पुष्कळ भेटतात. दिंडीतल्या एका हुशार गृहस्थांनी तर पंचांग उघडले. आपल्याकडे रात्री नऊनंतर द्वादशी लागली, तेव्हा रोथमध्ये साडेपाच वाजून गेले होते. म्हणजे त्याने पाकीट खाल्ले तेव्हा तिथी एकादशीची नव्हतीच! ही वकिली झाली. एकादशी धरली ती दुसऱ्या सूर्योदयानंतर पारणे फिटेपर्यंत.

मी त्याला छांदोग्य उपनिषदातल्या उषस्तीची कथा सांगितली. कुरुदेशात गारपिटीने पिके झोपली. उषस्ती बायकोला घेऊन वणवण फिरत एका गावात आला. तिथे एक सधन माणूस कुळीथ खात बसला होता. उषस्तीने मागितले. तो म्हणाला, माझ्या पुढ्यातल्या या उष्ट्याखेरीज दुसरे नाहीत. उषस्तीने तेच घेतले. मग त्या माणसाने पाणी पुढे केले, तर उषस्ती म्हणाला, हे उष्टे आहे, नको. अहो, मग कुळीथ उष्टे नव्हते? उषस्तीचे उत्तर असे, की ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मात्र मला हवे तिथे मिळेल.

कीर्तनात मी ही कथा वीस-पंचवीस वेळा लावली असेल. पण पहिल्या पाकिटाला हात पुढे आणि दुसऱ्याला हात जोडलेले, हे असे हुबेहूब घडलेले मी प्रथमच ऐकले. मुलगा पलीकडे गप्प होता. मला कळत होते, त्याच्या छातीवरचे ओझे उतरत होते.

मग मी पुढचे बोललो, कारण बोलणे भाग होते. “अरे, पण उषस्तीपुढे दुष्काळ होता. तू पैसे भरून भूक विकत घेतलीस. गवतावर बसून राहिला असतास तर गाडी आली असती, दवाखान्यात नेलं असतं, शर्यत सुटली असती. जीव गेला नसता. ते पाकीट तू शर्यतीसाठी खाल्लंस. त्याला आपद्धर्म म्हणू नकोस.”

बराच वेळ आवाज नाही. मग, “हो बुवा. थांबावं असं मनातच आलं नाही.”

हे खरे उत्तर. वारीतही पाहा, अंगात ताप, टाचा सोललेल्या, डॉक्टर सांगतात आज गाडीत बसा, आणि मंडळी ऐकत नाहीत. त्यात विठ्ठलाची ओढ किती आणि “मी चाललो” हे किती, ते ज्याचे त्याने पाहावे. अशांना मी रागावलो आहे, मग याला कसे सोडू? पण म्हणून प्रायश्चित्तही सांगितले नाही. व्रत मोडले त्याची खंत त्याला आधीच होती, मी फक्त तिचे नाव बदलू दिले नाही. पंधरा दिवसांनी वद्य एकादशी आली, ती त्याने नेहमीसारखी केली.

विणेकऱ्यांनी मात्र वेगळेच विचारले. त्या साठीच्या माणसाचे पुढे काय झाले? पोहोचला का तो? मुलाने सांगितले, शेवटच्या काही किलोमीटरांत त्यानेच याला पुढे जायला खुणावले. नंतर मुलगा मैदानात उभा राहून वाट पाहत होता. तासाभराने तो माणूस आला, आणि उशिरा येणाऱ्यांसाठी थांबलेल्या त्या गर्दीने त्याच्यासाठी जो गजर केला तसा याच्यासाठीही झाला नव्हता. शेवटचे पाकीट देऊन तो स्वतः तेवढे अंतर काय खाऊन चालला, कोण जाणे. त्या दिवशी रोथमध्ये कोणाची एकादशी झाली असे मला विचाराल तर मी त्याचे नाव घेईन, पण नाव ना मुलाला ठाऊक ना मला.

येत्या वर्षी ज्येष्ठ अधिक आहे. त्यामुळे आषाढी २५ जुलैला जाते, आणि ती शर्यत जुलैच्या आरंभीच उरकते. मुलाने आतापासून रजा मागून ठेवली आहे, लोणंदपासून तरी चालायला येतो म्हणतो. विणेकऱ्यांनी त्याचे टाळ माळ्यावरून काढले. दोरी कुजली होती, ती बदलायला दिली आहे.