मधला वेळ

काटोलहून परदेशी निघालेल्या माणसाचं पहिलं कनेक्शन विमानाचं नसतं, रस्त्याचं असतं. काटोल ते नागपूर साठेक किलोमीटर. पण विमानतळ सोनेगावला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या अंगाला, वर्धा रोडवर. फेटरी मागे पडून काटोल नाका आला की गाडीतली माणसं निर्धास्त होतात, आणि खरा खोळंबा तिथून पुढे सुरू होतो. या रस्त्याच्या चौपदरीकरणाचं काम वर्षानुवर्षं चाललं. त्या काळात आंबिया बहाराचा संत्रा निघाला की क्रेटने भरलेल्या गाड्यांमागून विमान गाठायला जाणं काय असतं, ते इथल्या अनेक घरांनी अनुभवलंय. म्हणून मुंबईला दोन तासांत विमान बदलायचं असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, काटोलहून किती वाजता निघणार?

विमानं बदलण्याशी सोनेगावचं नातं मात्र जुनं आहे. जानेवारी 1949 मध्ये रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीनंतर चारही विमानं नागपूरला एकत्र यायची, कारण देशाच्या साधारण मध्यावर असलेलं हेच शहर चौघांना सोयीचं होतं. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, प्रवासीही एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसायचे आणि पहाटेच्या आत सगळी विमानं आपापल्या गावी परत निघायची. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून देशातली साधी पत्रंही जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी दिल्लीत उतरायचं, ते या नागपूरच्या मुक्कामामुळे. 1953 मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर हे काम इंडियन एअरलाइन्सकडे आलं आणि 1973 पर्यंत चाललं.

मला या योजनेचं अप्रूप वाटतं ते तिच्या रचनेसाठी. चार थैल्या एकमेकांत फिरल्याशिवाय एकाही विमानाचं काम पुरं होत नव्हतं. एकाला उशीर झाला तर तो चौघांचा उशीर होता. थांबणं हा तिथे वेळापत्रकाचाच भाग होता. पुढे प्रवास वाढला, विमानं मोठी झाली, लांब पल्ल्याची आली, नागपूरचा तो थांबा संपला. आणि वाट बघण्याचं काम हळूहळू विमानाकडून माणसाकडे आलं.

ऐंशीच्या दशकात दादा शिकायला अमेरिकेला निघाला, तेव्हा हे काम सगळ्या घराने वाटून घेतलं होतं. नागपूरहून मुंबईला विमान होतं, पण ते आमच्यासारख्यांसाठी नव्हतं. दुपारच्या एसटीने नागपूर, तिथून विदर्भ एक्सप्रेस, सकाळी कल्याणला उतरून डोंबिवलीत मावशीकडे. विमान रात्री बारानंतरचं, आणि आम्ही पोचलेलो आदल्या दिवशी! रेल्वेला चार-सहा तास उशीर झाला तरी चालेल, असा हिशेब वडिलांनी केला होता. आज याला लेओव्हर म्हणतात. आमच्याकडे तो मावशीकडचा मुक्काम होता. तिने केलेलं जेवण, शेजारच्यांनी येऊन दिलेला सल्ला, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर पुन्हा एकदा तोललेल्या बॅगा. तेव्हा अमेरिकेला जाणाऱ्यांना 32 किलोच्या दोन बॅगा नेता यायच्या, त्यामुळे भिवापुरी मिरचीचं तिखट, कुरड्या, सांडगे, सगळं मावलं. संत्री तेवढी नेता येत नव्हती. ताजी फळं तिकडे उतरू देत नाहीत, याचं बाबांना फार वाईट वाटलं. बाग आमची आणि मुलगा तिच्या फळाविना निघालेला.

तिकीट म्हणजे लाल कार्बन लावलेल्या पानांचं पुस्तक होतं, ते आईने रुमालात बांधून ठेवलं होतं. परतीच्या वेळी बहात्तर तास आधी विमान कंपनीला फोन करून 'मी येतोय' असं पुन्हा कळवावं लागायचं, नाहीतर जागा जाण्याची भीती. आम्हाला तो नियम जाच वाटायचा. पण तिकडच्या टोकाला एक माणूस आपलं नाव यादीत बघून हो म्हणतोय, याचा आधारही होता.

मग मधला काळ आला, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड तोच. नागपूर-मुंबई विमानप्रवास आवाक्यात आला, पण ते विमान उतरायचं सांताक्रूझला आणि परदेशी विमान सुटायचं सहारहून. सहारचं टर्मिनल 1981 पासून सुरू झालेलं. दोन्ही एकाच विमानतळाचे भाग, मध्ये धावपट्टी, आणि प्रवाशाने सामान घेऊन मुंबईच्या गर्दीतून वळसा घालायचा. पावसाळ्यात त्या वळशाला किती वेळ लागेल याचा नेम नव्हता. दिल्लीलाही पालमचं देशांतर्गत टर्मिनल वेगळं आणि आंतरराष्ट्रीय वेगळं, अशीच अवस्था. 2010 मध्ये तिथे टी-3 सुरू झालं आणि मुंबईला 2014 मध्ये नवं टी-2. आता नागपूरचं विमान टी-2 ला उतरलं तर त्याच छताखाली इमिग्रेशन गाठता येतं. पण सगळीच देशांतर्गत विमानं तिथे येत नाहीत, काही अजून टी-1 ला उतरतात. तिकीट काढताना टर्मिनलचा आकडा बघणं म्हणूनच महत्त्वाचं.

नव्या काळाने दिलेल्या सोयी मी कमी लेखणार नाही. 2008 पासून कागदी तिकीट संपलं. 2017 मध्ये भारतीयांना देश सोडताना भरावा लागणारा फॉर्म गेला. आमच्या आयांना तो इंग्रजीतला फॉर्म कुणाकडून तरी भरून घ्यावा लागायचा, त्यातली लाचारी संपली. नागपूरहून थेट शारजा आणि दोहा गाठता येऊ लागलं, म्हणजे इमिग्रेशन सोनेगावलाच आणि बॅग पुढच्या मुक्कामापर्यंत परस्पर. आज काटोल-नरखेड भागातले सत्तरीतले आईवडील नातवंडांसाठी एकटे शिकागोला जातात, व्हीलचेअरची मदत घेऊन. पूर्वी हे कुणाच्या मनातही आलं नसतं.

गेला तो मधला वेळ. संगणक सर्वांत स्वस्त आणि सर्वांत झटपट प्रवास वर दाखवतो, आणि दोन विमानांमधलं अंतर मिनिटांवर येतं. त्यातही फरक आहे, आणि तो लोकांना कुणी नीट सांगत नाही. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर पहिल्याला उशीर झाल्यावर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. बॅगही परदेशी मापाने, 23 किलोच्या हिशेबाने, नागपूरलाच घेतली जाते. पण दोन वेगळी तिकिटं काढली, तर देशांतर्गत विमानाला बहुधा 15 किलोचीच मुभा, वरच्या प्रत्येक किलोला पैसे, मुंबईत बॅग उतरवून पुन्हा चेक-इन, आणि तो काउंटर विमानाच्या तासभर आधी बंद. चुकलं तर तिकीट बुडतं, आणि अनेकदा त्यालाच जोडलेलं परतीचंही. दोन-तीन हजारांच्या बचतीसाठी म्हाताऱ्या माणसांना या जोखमीत ढकलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

येताना आणखी एक गाठ असते. बाहेरून आल्यावर भारतातल्या पहिल्या विमानतळावर बॅग पट्ट्यावरून स्वतः उचलावी लागते, कस्टममधून बाहेर काढून नागपूरसाठी पुन्हा द्यावी लागते, तिकीट एकच असलं तरी. रात्रभराच्या प्रवासानंतर, सुजलेल्या पायांनी, भरल्या बॅगा ओढत हे करायचं. त्यात डिसेंबर-जानेवारीत दिल्लीहून यायचं असेल तर धुकं. पुढचं विमान हातात चार तास ठेवूनच घ्यावं.

आणि आता मुंबईत पुन्हा दोन गावं झाली आहेत. नवी मुंबईचं विमानतळ ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन होऊन डिसेंबरअखेर प्रवाशांसाठी खुलं झालं. नागपूरहून तिकडे उतरायचं आणि परदेशी विमान सहारहून धरायचं, असा प्रवास कुणी जोडला तर मध्ये आख्खी मुंबई येते. सांताक्रूझ-सहारचा जुना वळसा त्यापुढे काहीच नव्हता.

गेल्या महिन्यात शेजारच्या मुलाचा परदेशातून फोन आला. आईबाबांचं तिकीट काढत होता, मुंबईत दोन तास दहा मिनिटं मिळत होती. "काका, एवढ्यात होऊन जाते ना सगळं?" मी म्हटलं, "तुझं होऊन जाईल रे बाबू. आईच्या गुडघ्याचं काय? पाच तासांचं घे, आणि एकाच तिकिटावर घे." थोडे पैसे जास्त पडत होते. तो जरा वेळ बोलला नाही, मग त्याने ते घेतलं. त्याच्या आईने मला काल सांगितलं की तिची मावसबहीण अंधेरीला राहते, पाच तास आहेत म्हटल्यावर ती डबा घेऊन टी-2 च्या बाहेर भेटायला येणार आहे. दोघी सात वर्षांनी भेटतील.