माझ्या वाट्याचे बेट

भूगोलाच्या प्रकल्पासाठी सरांनी बेट आपले आपण निवडायला सांगितले. कुणी अंदमान घेतले, कुणी मालदीव. मी वेल्समधले अँगलसी घेतले. कारण एकच, तिथे आर.ए.एफ. व्हॅली हा हवाई तळ आहे. २००८ मध्ये 'हॉक' विमाने आपल्या हवाई दलात आली, त्याआधी आपले वैमानिक ती चालवायला तिथेच शिकले. मला फायटर पायलट व्हायचे होते. पहिल्या चार पानांत नुसती विमाने. सरांनी लाल पेनाने लिहिले, "यात बेट कुठे आहे?"

मग बेट शोधले. ते सुमारे ७१५ चौरस किलोमीटरचे, बहुतेक सपाट. धान्य इतके पिकायचे की त्याला 'वेल्सची आई' म्हणत. मेनाइची सामुद्रधुनी त्याला वेल्सपासून तोडते. इ.स. ६० च्या सुमारास रोमन पायदळ सपाट तळाच्या नावांतून आले आणि काही घोडेस्वार घोड्यांसोबत पोहत! पुढे शेतकरी विकायची गुरेही अशीच पोहवत पलीकडे नेत. रविवारी फोनवर आप्पांना हे सांगितले. २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी गोठ्यात शिरले, तेव्हा त्यांनी म्हशींची दावी कापली होती आणि म्हशी पोहत टेकाडावर गेल्या होत्या. आप्पा म्हणाले, "गुरं पोहतात रे, पण पुढचं जनावर भलं पाहिजे."

१८२६ मध्ये थॉमस टेलफर्डचा झुलता पूल झाला आणि गुरांचे पोहणे थांबले. खालून उंच डोलकाठ्यांची जहाजे जायला हवीत म्हणून तो पाण्यापासून १०० फूट उंच बांधला. पॅरिस डोंगरात १७६८ मध्ये तांब्याचा मोठा साठा सापडला. त्या काळी लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून वाचवायला युद्धनौकांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत. आता तो डोंगर बोडका, तांबडा-पिवळा आहे. विल्फाची अणुभट्टीही २०१५ मध्ये बंद झाली. कामासाठी पोरे बेट सोडतात. आमच्या गावची पोरे पुण्याला जातात, तसेच. तरी अर्ध्याहून जास्त लोकांना अजून वेल्श बोलता येते.

प्रकल्प अर्ध्यावर असताना वैद्यकीय तपासणी झाली. दोन्ही डोळ्यांना नंबर निघाला. डॉक्टर म्हणाले, फ्लाइंग ब्रँच आता अवघड. आप्पांना हे सांगायला मला दोन रविवार लागले.

सर म्हणाले, विमाने एका पानात बसव. मी दीड पानात बसवली.