भांडले त्यांचे, गेट बंद आपल्याला

१७ जुलै २०२५. विधानभवनाच्या लॉबीतच गोपीचंद पडळकर आणि जितेंद्र आव्हाड यांचे कार्यकर्ते एकमेकांना भिडले. रात्री पोलीस आव्हाडांच्या कार्यकर्त्याला घेऊन निघाले, तर आव्हाड स्वतः गाडीपुढे आडवे! मार खाणाऱ्यालाच कसं काय नेता, हा त्यांचा सवाल. शेवटी पोलिसांनी त्यांना ओढून बाजूला केलं आणि गाडी गेली.

सवाल विचारायलाच हवा होता. पण कुणाला? गाडीवरच्या पोलिसाला? अहो, त्याच्या हातात फक्त वरून आलेला हुकूम. कुणाला धरायचं, कुणाला सोडायचं, हे तो थोडंच ठरवतो?

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा निर्णय आला: यापुढे आत फक्त आमदार, त्यांचे पीए आणि सरकारी अधिकारी. म्हणजे राडा केला नेत्यांच्या माणसांनी आणि गेटबाहेर राहणार गावाकडून अर्ज घेऊन आलेला माणूस.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या आमदाराच्या शब्दावर पास निघाला, जबाबदारी त्याच्यावर टाका. मग बघा, लॉबी कशी शांत राहते ते. पटलं तर बोला, नाही पटलं तरी बोला.