आवाज कधी येतो?

संडासातून आवाज येतो म्हणून बोलावणं आलं की त्या घरात आधी मला भिंत दाखवतात. ‘इथून येतो बघा, या टाइलच्या मागून.’ कुणीतरी कान लावून जागा पक्की केलेली असते, क्वचित पेन्सिलीची खूणही असते. मी खूण बघतो आणि विचारतो, ‘काकू, पण आवाज येतो कधी?’

पाइपातला आवाज पाण्यातून, लोखंडातून, स्लॅबमधून कुठल्या कुठे जातो. दुसऱ्या मजल्यावर ऐकू येणारा दणका खाली पंपाच्या खोलीत झालेला असू शकतो. म्हणून जागेवर माझा विश्वास नाही, वेळेवर आहे. हाताखाली नवीन पोरगा आला की त्याला पहिल्यांदा हेच सांगतो: छिन्नी पिशवीत राहू दे, आधी घरच्या माणसांना बोलतं कर.

रात्री सगळे झोपलेले, कुणी फ्लश केलेला नाही, तरी थोड्या थोड्या वेळाने टाकी भरल्यासारखी सूं-सूं होते. याचा अर्थ टाकीतलं पाणी गुपचूप कमोडमध्ये उतरतंय. पातळी जराशी खाली गेली की फ्लोट खाली येतो, व्हॉल्व्ह उघडतो, टाकी भरते, पुन्हा तेच. टाकीत थोडी शाई किंवा खाण्याचा रंग घाला आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. कमोडच्या पाण्यात रंग दिसला तर बोलायचं काही उरत नाही. बहुतेक वेळा तळाचं रबर कडक झालेलं असतं, किंवा बोअरच्या पाण्याचा क्षार त्याच्या बैठकीवर चढलेला असतो. बैठक पुसून बघा, मगच नवीन रबर आणा. सूं-सूं अखंड असेल तर टाकीत बॅटरी मारून पाहा. पाणी ओव्हरफ्लोच्या नळीत पडत असेल तर फ्लोट खाली घ्यायचा. पातळी नळीच्या तोंडाच्या इंचभर खाली राहिली पाहिजे.

या आवाजासाठी मला फार कमी लोक बोलावतात, आणि त्याचंच मला वाईट वाटतं. तो बारीक असतो, कानाला सवय होते. पण पाच मिनिटांत लिटरभर भरेल एवढीच धार धरली, तरी दिवसाला २८८ लिटर होतात. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हे आपल्याकडचं प्रमाण. म्हणजे दोन माणसांचं पाणी, आणि तेही उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवत असताना.

टाकी भरत आली की शेवटी घूंSS असा घुमणारा आवाज, हा प्रकार वेगळा. व्हॉल्व्ह बंद होता होता फट अरुंद होते, पाणी जोरात घुसतं आणि झिजलेला वॉशर थरथरतो. त्यातच टाकीतल्या लाटांनी फ्लोट हलत असेल तर व्हॉल्व्ह उघडझाप करतो आणि सगळी लाइन घुमते. अँगल कॉक अर्धा फिरवा. आवाज थांबला किंवा बदलला तर दोष तिथेच आहे. जुन्या पितळी बॉलकॉकला वॉशर बदलायचा. नव्या प्लॅस्टिकच्या व्हॉल्व्हला छोटी जाळी असते, ती काढून धुवायची. गच्चीवरची टाकी साफ केल्यावर तिथे हमखास कचरा अडकतो. टाइलला हात लावायचं कारणच नाही.

पाणी बंद होताक्षणी ‘धाड्’ होतं, त्याला मात्र मी घाबरतो. वाहतं पाणी एकदम अडवलं की त्याचा सगळा जोर पाइपावर येतो. निकोलाय झुकोव्हस्की, ज्यांचं नाव विमानविद्येत मोठं आहे, त्यांनी मॉस्कोच्या पाण्याच्या लाइनींवर प्रयोग करून १८९८ मध्ये याचं गणित मांडलं. सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी लोखंडी पाइपात झटक्यात थांबलं तर प्रेशर क्षणभर चौरस सेंटिमीटरला साधारण १२ किलोंनी वाढतं. दर दहा मीटर उंचीला एक किलो धरलं, तर दहा मजली इमारतीत तळमजल्याला टाकीचं प्रेशर तीन किलोंच्या आसपास. दणका त्याच्या चौपट! रोज असे दणके खाऊन सांधे सुटतात. जुन्या इमारतींत वरच्या टाकीतून थेट आलेल्या लाइनवर फ्लश व्हॉल्व्ह असतो. तो सावकाश बंद होईल असा सेट करावा आणि डक्टमध्ये सुटलेले क्लॅम्प कसावेत. उंच इमारतीत खालच्या मजल्यांना प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लागतोच. काहीजण पाइपाचा बंद तुकडा उभा लावून त्यात हवा कोंडतात. मी लावत नाही, कारण ती हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि तुकडा पाण्याने भरून जातो. आणि दणका पंप बंद होतानाच येत असेल, तर तो पंपाच्या एनआरव्हीचा, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हचा. ते काम सोसायटीचं, तुमच्या संडासात शोधू नका.

‘कधी’ला ‘सारखाच’ असं उत्तर आलं, तर रात्री सगळे नळ आणि अँगल कॉक बंद करून ऐका. तरी सूं-सूं चालू, आणि फ्लॅटचा मेन व्हॉल्व्ह बंद केल्यावर थांबली, तर भिंतीतला पाइप गळतोय. तेव्हा फोडायला मी तयार असतो.

राहिला वरच्यांनी फ्लश केल्यावर आपल्या नहाणी ट्रॅपमधून येणारा गटगट आवाज. भरलेली बाटली उपडी केली की ती जशी हवा ओढते, तसा खाली जाणारा लोंढा मागून हवा मागतो. वरून मिळाली नाही तर तो तुमच्या ट्रॅपमधून ओढतो आणि तिथलं पाणीही घेऊन जातो. ते ५० मिलिमीटर पाणीच गटारातला वास आणि झुरळं अडवत असतं. लोक यावर ॲसिड ओततात. त्याने चोकअप निघेल न निघेल, हवा काही येणार नाही. गच्चीवर जाऊन ड्रेनेजच्या उभ्या पाइपाचं तोंड बघा. कबुतराचं घरटं, वाळका पाला, नाहीतर वॉटरप्रूफिंगवाल्यांनी बसवलेलं टोपण, यातलं काहीतरी सापडतं. घरट्यात अंडी-पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबा. तोंड मोकळं झालं की जाळी बसवा, खाली येऊन ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी घाला आणि वरच्या वहिनींना दोनदा फ्लश करायला सांगून ते पाणी जागचं हलतंय का पाहा.