असली ग्राफाइट, नकली ग्राफाइट

शिसपेन्सिलीत शिसं नसतं. असतं ग्राफाइट आणि चिकणमाती. ग्राफाइट म्हणजे कार्बनच, हे शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये दाखवलं, तरी आपल्या भाषेने शिसं काही सोडलं नाही.

मी भाषेचा शिक्षक, विज्ञानाचा नाही. पण एकदा वर्गात सांगून बसलो, की ग्राफाइट दोन ठिकाणांहून येतं. एक खाणीतून, आपल्याकडे ओडिशा, झारखंड, तामिळनाडूत त्याचे साठे आहेत. दुसरं भट्टीतून: पेट्रोलियम कोक आणि डांबर एकत्र भाजून जवळजवळ ३००० अंश सेल्सियसपर्यंत तापवायचं. अमेरिकेच्या अ‍ॅचेसन यांनी १८९६ मध्ये याचं पेटंट घेतलं. लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे ते नकली ना, सर?"

इथे मात्र मी माझ्या विषयावर आलो. 'नक्कल' अरबी 'नक़्ल'वरून आला. त्याचा एक मूळ अर्थ, एका जागेवरून दुसरीकडे नेणं. सातबाऱ्याची नक्कल आपण सही-शिक्क्यासकट घेतो, तिला खोटी म्हणतो का? आणि 'अस्सल'? तोही अरबी 'अस्ल'च. माझं नाव ऐकल्यावर "तुमची मराठी अगदी अस्सल हो!" म्हणणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं, पण चहा गार होतो, म्हणून राहून जातं.

भट्टीतल्या ग्राफाइटचेही अणू तसेच षटकोनी थरांत बसलेले असतात. पोलादाच्या विद्युत भट्टीत वीज सोडणारे जाडजूड दांडे या कृत्रिम ग्राफाइटचेच करतात. नाशिकला सातपूरमध्ये असे इलेक्ट्रोड बनतात. पेन्सिलीला मात्र खाणीतलं स्वस्त ग्राफाइट पुरतं.

खरी चुरस बॅटरीत आहे. आमच्या बेलापूरला एनएमएमटीच्या विजेवरच्या बस धावतात. अशा लिथियम बॅटरीच्या ऋण टोकाला बहुधा ग्राफाइटच असतं. खाणीतलं स्वस्त, वीजही थोडी जास्त साठवतं, पण ९९.९५ टक्के शुद्ध करायला जहाल आम्लं वापरावी लागतात, ती सांडली तर नदी-विहिरींचं वाटोळं. कृत्रिम जास्त एकसारखं, वारंवार चार्जिंग सोसणारं. पण महाग, आणि त्याची भट्टी प्रचंड वीज खाते. ती वीज कोळशाची असेल, तर प्रदूषणमुक्त बसचा धूर आपण फक्त दुसऱ्या गावात नेऊन ठेवला. यालाही 'नक़्ल' म्हणता येईल.

बॅटरीवाले पुष्कळदा दोन्ही मिसळूनच वापरतात.