शिवनेरीचा कातळ आणि आईची कोरफड

माझ्या लग्नात आईने रुखवताबरोबर एक मातीची कुंडी दिली होती. तीत कोरफडीचे एक पिल्लू. थोरल्या आक्कालाही तिने असेच एक दिले होते. भाजले-कापले की घरात कोरफड हवी, असे तिचे म्हणणे. आईला जाऊन आता बरीच वर्षे झाली. तिच्या हातचे म्हणावे असे माझ्याकडे ते एकच झाड उरले होते, आणि गेल्या चैत्रात तेही मी स्वतःच घालवले.

झाले ते असे. कुंडी वर्षानुवर्षे पडवीच्या आतल्या कोपऱ्यात होती. पाने फिकी, लांबोडकी होऊन कुंडीबाहेर लोळू लागली. कुणीतरी म्हणाले, "अहो, ही वाळवंटातली जात. हिला ऊनच पाहिजे." मला ते पटले. त्याच दिवशी कुंडी उचलून गच्चीवर नेऊन ठेवली. ऊन कडक म्हणून रोज तांब्याभर पाणीही घालत गेले. चार दिवसांत पाने तांबडी झाली, मग त्यांवर पांढुरके चट्टे उठले. पुढे बुडखा मऊ पडला. एक दिवस सहज ओढला, तर सगळे झाड हातात आले. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

भाद्रपदात गणपती पोचवून आक्काकडे गेले. तिचे सासर जुन्नरजवळ. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने एस.टी. नारायणगावला येते आणि तेथून पश्चिमेला वळले की जुन्नर. दोन्ही बाजूंना टोमॅटो, कांदा आणि द्राक्षांचे मळे, आणि समोर शिवनेरीचा उभा कडा. १६३० साली शिवरायांचा जन्म झाला तो हा किल्ला. दुसऱ्या दिवशी दाजी म्हणाले, "चला, गडावर जाऊन शिवाईचं दर्शन घेऊ. येताना तुम्हाला एक झाड दाखवतो."

शिवनेरीला एकामागून एक असे सात दरवाजे आहेत. पायऱ्या चढताना एका बाजूला काळा कातळ आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी. पावसाने गवत कमरेएवढे वाढले होते. एका वळणावर दाजी थांबले आणि कातळाच्या फटीकडे बोट केले. गवतात दडलेल्या बोटभर जाडीच्या मांसल कांड्या, त्यांवर हिरवी पाने, आणि रुपयाच्या नाण्याएवढे पाच पाकळ्यांचे काळसर तांबडे फूल, मधे पिवळसर ठिपके. हीच शिंदळ माकुडी.

या झाडाचे शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. डालझेल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने, १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रियर यांच्या नावावरून ते ठेवले. आपल्या महाराष्ट्राच्या डोंगरांखेरीज ही वनस्पती रानात कुठे आढळत नाही. वणवे, चराई आणि हौसेने उपटून नेणारी माणसे यांमुळे ती फार दुर्मिळ झाली आहे. म्हणून आम्हाला ती कोणत्या वळणावर दिसली, हे मी मुद्दामच लिहीत नाही.

खरे सांगते, एक कांडी मोडून पिशवीत टाकावी असे मलाही वाटले. दाजींनी ते ओळखले. म्हणाले, "वहिनी, हिला हिच्या घरी राहू द्या. फक्त ती उन्हात कशी जगते ते बघा."

मग त्यांनी समजावून सांगितले. पावसाळ्यात या झाडाला पाने असतात आणि भोवती गवताचा आडोसाही असतो. पाऊस सरतो, गवत वाळते आणि ऊन हळूहळू वाढत जाते. तसतशी ही पाने गाळून टाकते. वैशाखात कातळ तव्यासारखा तापतो, तेव्हा नुसत्या कांड्या उरतात. आषाढात पुन्हा पालवी. "रानात ऊन एकदम येत नाही. आमचं टोमॅटोचं रोपसुद्धा शेडनेटमधून काढून लगेच रानात लावलं तर माना टाकतं. आधी त्याला उन्हाची सवय करावी लागते. तुम्ही कोरफडीला सावलीतून उचललंत आणि थेट तव्यावर ठेवलंत."

माझी चूक मला तिथे, त्या कातळापुढे कळली.

घरी आल्यावर आक्काची कोरफड पाहिली. पूर्वेच्या ओट्याखाली डेरेदार वाढलेली. सकाळचे ऊन दहा-अकरापर्यंत मिळते, नंतर घराची सावली येते. पागोळ्यांचे पाणी पडत नाही. आक्काने कधी पुस्तक वाचले नाही, पण जागा अचूक निवडली होती.

भगिनींनो, माझ्यासारखी चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून चार गोष्टी सांगते.

मांसल पानांची झाडे दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रे बहुतेक मिटून घेतात आणि रात्री उघडून हवा घेतात. त्यामुळे पाणी वाचते आणि ती कोरड्यात तगतात. परंतु तगणे वेगळे आणि भाजणे वेगळे. शिवाय जमिनीतल्या झाडाची मुळे खोल गारव्याला जातात. कुंडीतल्या मुळांना पळायला जागा नसते. स्लॅब, पत्रा, काळी प्लॅस्टिकची कुंडी यांनी माती चहूबाजूंनी तापते. उन्हाळ्यात गच्चीवर कुंडी ठेवायचीच असेल, तर खाली दोन विटा द्या आणि दुपारची सावली करा.

कोरफडीला सकाळचे चार-पाच तास ऊन पुरे. पश्चिमेचे दुपारचे ऊन टाळावे. पानफुटीलाही हीच जागा मानवते. निवडुंग आणि शेर सवयीने दिवसभराचे ऊन सोसतात. मात्र शेराचा चीक डोळ्यांना घातक, म्हणून मुलांपासून लांब ठेवा. पोरीबाळी रोपवाटिकेतून पांढऱ्या पट्ट्यांची चिमुकली हावर्थिया आणतात. तिला उजेडाची सावलीच बरी.

सावलीतले झाड उन्हात न्यायचे तर दोन-तीन आठवडे घ्या. पहिले काही दिवस सकाळचा एकच तास, मग थोडे थोडे वाढवा. हे काम थंडीत सुरू करावे, चैत्रात नव्हे. पाने लांबट, फिकी पडली तर उजेड कमी आहे. तांबूस झाली तर ऊन जास्त होत आहे. कुंडी जरा आत घ्या, रंग परत येतो. पांढरे-तपकिरी चट्टे मात्र जात नाहीत; नवी पाने येईपर्यंत धीर धरावा. भाजलेल्या झाडावर पाणी ओतू नये, बुडखा कुजतो. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली घ्यावी.

निघताना आक्काने तिच्या कोरफडीचे एक पिल्लू मुळांसकट सोडवून कागदात गुंडाळले. "आईचंच आहे," एवढेच म्हणाली. एस.टी.त सारी वाट ते मी मांडीवर घेऊन बसले. घरी दोन दिवस सावलीत सुकू दिले, मग निम्मी माती, निम्मी जाड वाळू घालून, बुडाला भोक असलेल्या कुंडीत लावले. आठवडाभर पाणी दिले नाही.

आता ते पूर्वेच्या ओट्यावर आहे. मधून नवे पान वर आले आहे. सकाळी सडा घालताना त्याच्यावर कोवळे ऊन पडलेले दिसते, आणि मी कुंडी जागची हलवत नाही.